एक टन रसात चारशे ग्रॅम: एवढ्याशा मिश्रणाने धातू कसा पालटतो?

लॅबवाली_उद्यमबाग

नमस्कार मंडळी.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी लॅब सांभाळते. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी, पंपाची केसिंग, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट असं मिश्र काम असतं. भट्टीवरची बरीच मुलं येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडीकडची. हाताला पक्की आहेत, रसाचा, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा, रंग बघून तापमानाचा अंदाज सांगतात. पण लॅडलच्या (रस ओतायच्या भांड्याच्या) तळाशी ती करडी खडी का टाकायची, ओतायला पाच मिनिटं उशीर झाला तर सुपरवायझर का ओरडतो, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलं नसतं. कारण कळलेला माणूस काम वेगळ्या जबाबदारीने करतो असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यासाठी मराठीत लिहायला घेतलंय, त्याची सुरुवात इथे टाकते. भर घाला, पटणार नाही तिथे अडवा.

साधं करडं बीड (ओतीव लोखंड) आणि एसजी आयर्न, म्हणजे गोळ्यांच्या ग्रॅफाइटचं बीड. दोन्हींत कार्बन जवळजवळ सारखाच, साडेतीन टक्क्यांच्या आगेमागे. तरी करड्याच्या एफजी २६० या ग्रेडची ताणशक्ती किमान २६० मेगापास्कल आणि लांबणं जवळपास शून्य. जोराचा घाव बसला की तुकडा. एसजी ५००/७ ला किमान ५०० मेगापास्कल, आणि तुटण्याआधी ते ७ टक्के लांबतं. ४००/१५ तर १५ टक्के. हा फरक पाडणारा मुख्य पदार्थ म्हणजे मॅग्नेशियम, आणि तयार कास्टिंगमध्ये ते उरतं फक्त ०.०३ ते ०.०५ टक्के. एक टन रसात चारशे ग्रॅम धरा.

नमुना घासून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला की सगळं दिसतं. करड्या बिडात ग्रॅफाइटच्या काळ्या, वाकड्यातिकड्या पाकळ्या असतात आणि प्रत्येकीचं टोक अणकुचीदार. ओढ बसली की ताण त्या टोकाशी गोळा होतो आणि चीर एका पाकळीवरून दुसरीकडे धावते. एसजीत तोच कार्बन गोल गोळ्यांत बसलेला असतो. टोकच नाही, तर चिरेला सुरुवात कुठून मिळणार?

मॅग्नेशियम हे कसं करतं? रसात विरघळलेलं गंधक आणि ऑक्सिजन वाढत्या ग्रॅफाइटच्या कडांना चिकटतात आणि तो कडेच्या दिशेने पसरत जातो, म्हणून पाकळी बनते. मॅग्नेशियमला या दोघांची ओढ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. ते दोघांना बांधून टाकतं, मग ग्रॅफाइट जाडीच्या दिशेने थरावर थर चढवत जातो आणि गोळा तयार होतो. गोळा नेमका कसा वाढतो यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद आहेत, पण गंधक-ऑक्सिजन हटवल्याशिवाय तो होत नाही याबद्दल एकमत आहे.

शोधाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात क्रोमियमची टंचाई होती. १९४३ मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस झीज सोसणाऱ्या बिडात क्रोमियमऐवजी दुसरं काय चालेल ते शोधत होते. त्यात मॅग्नेशियम घालून बघितलं आणि गोळे हाती आले. इंग्लंडमध्ये हेन्टन मॉरो यांनी सेरियम घालून तेच साधलं आणि १९४८ मध्ये जाहीर केलं. मिलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं पेटंट १९४९ चं.

माझा मुद्दा एवढाच: थोडासा मिसळलेला पदार्थ सगळ्या धातूला बदलत नसतो. जिथे नवा कण जन्मतो, जिथे तो वाढतो, जिथे दोन कण एकमेकांना भिडतात, त्या मोजक्या जागा तो पकडतो. जागा मोजक्या म्हणून पदार्थही थोडाच पुरतो.

लॅडल_नंबर_दोन

ताई, चारशे ग्रॅम वाचून आमची पोरं गोंधळतील. आम्ही टनाला पंधरा किलो खडी टाकतो की!

लॅबवाली_उद्यमबाग

बरोबर विचारलंत, हे लिहायलाच हवं होतं. ती खडी म्हणजे फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियम. तिच्यात मॅग्नेशियम साधारण ६ टक्के. पंधरा किलोत ९०० ग्रॅम झालं. मॅग्नेशियम ११०० अंशांच्या आतच उकळतं आणि आपला रस असतो १४५० च्या वर. म्हणजे पडल्या पडल्या त्याची वाफ. तो डोळे दिपवणारा पांढरा भडका आणि धूर म्हणजे हवेत चाललेलं मॅग्नेशियमच. थोडं गंधक खातं. उरतं ते निम्म्याच्या आसपास. म्हणून तर खडीवर स्टीलचे तुकडे पसरून झाकतो, म्हणजे रस वरून भरेपर्यंत ती तळाशी दबून राहते. पसरणी नीट झाली नाही की भडका मोठा होतो आणि लॅडलमध्ये उरतं कमी.

जुना_मोल्डर

ताई, चांगलं काम घेतलंस. मी क्युपोलावर, म्हणजे कोकच्या उभ्या भट्टीवर, उमेदवारी केलेला माणूस. एक गोष्ट सांगतो बघा, पोरांना नक्की सांग.

आमच्या वेळेला क्युपोलात कोक आणि लोखंड एकत्र पडायचं. कोकातलं गंधक रसात उतरायचं, ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा वरच. सगळे गंधकाच्या नावाने बोटं मोडायचे. मग इंडक्शन भट्ट्या आल्या. धूर गेला, रस स्वच्छ, चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) स्टीलचं भंगार जास्त. मालक खूश. पण पातळ भागाच्या कास्टिंगच्या कडा मशीनवर टूल खाऊ लागल्या. इन्सर्टवर इन्सर्ट उडायला लागली. फोडून बघावं तर कडेला पांढरं, काचेसारखं कडक. ग्रेड तोच, सिलिकॉन तेवढंच, कार्बन तेवढाच. महिनाभर कुणाला काही उमगेना.

शेवटी कोल्हापूरकडून एक जाणता माणूस आला. त्यानं रिपोर्ट बघितला, म्हणाला, गंधक कुठाय तुमच्याकडं? ०.०३ वर आलं होतं. त्यानं आयर्न पायराइट घालायला लावलं, आणि पुढच्या हीटपासून (भट्टीच्या खेपेपासून) पाचर सरळ झाली.

पाचर म्हणजे वेज टेस्ट. नव्या पोरांना दाखवायलाच पाहिजे. ओतायच्या आधी छोट्या साच्यात पाचरीसारखा तुकडा ओतायचा, लाली गेली की पाण्यात बुडवायचा आणि हातोड्यानं मधोमध तोडायचा. टोकाकडं पांढरी चकाकी, मागं करडं मखमली. पांढरं किती मिलिमीटर आत आलंय ते पट्टीनं बघायचं. जास्त आलं की लॅडल थांबवायची. स्पेक्ट्रोचा (घटक मोजणाऱ्या यंत्राचा) कागद यायच्या आत पाचर बोलून मोकळी होते.

खानापूर_रोड

काका, ताईंनी वर लिहिलंय गंधक काढावं लागतं, तुम्ही म्हणताय घालावं लागतं. दोन्ही खरं कसं?

लॅबवाली_उद्यमबाग

दोन्ही खरं, आणि काकांनी सांगितलेला प्रसंग माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

करड्या बिडात पाकळ्या हव्याच असतात. त्या जन्मायला रसात बारीक कण लागतात, आणि मँगनीज सल्फाइडचे कण त्या कामाला फार उपयोगी. गंधक ०.०५ च्या खाली गेलं की हे कण कमी पडतात, ग्रॅफाइटला बसायला जागा मिळत नाही, आणि पातळ भागात कार्बन लोखंडाशी जुळून पांढरं कार्बाइड होतो. काकांच्या टूल खाणाऱ्या कडा त्याच. म्हणून करड्या बिडाला ०.०६ ते ०.१ टक्का गंधक ठेवतात, आणि त्याला पुरेल एवढं मँगनीज. गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३ हे समीकरण भट्टीच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. मँगनीज त्याहून कमी पडलं तर गंधक लोखंडाशी सल्फाइड करतं आणि कास्टिंग ठिसूळ होतं.

एसजीला गोळे हवेत, तिथे तेच गंधक मॅग्नेशियम खाऊन टाकतं, म्हणून मॅग्नेशियमच्या उपचाराआधी ०.०१५ च्या आत हवं. एकाच शेडमध्ये दोन्ही प्रकार ओतणाऱ्यांनी परत आलेलं भंगार, रनर-रायझर (साच्यात रस नेणाऱ्या वाटांत गोठलेलं लोखंड), वेगळं ठेवलंच पाहिजे. करड्याचा रनर एसजीच्या चार्जमध्ये गेला की गंधक आत गेलं. एसजीचा रनर करड्यात गेला की मॅग्नेशियमचा अंश आत गेला. आमच्याकडे आता दोन रंगांचे डबे आहेत.

मलप्रभाकाठ

मी या धंद्यातली नाही, शाळेत विज्ञान शिकवते. वाचताना वाटलं, हे विरजणासारखंच आहे. चमचाभर घातलं की पातेलंभर दूध बदलतं.

जुना_मोल्डर

मॅडम, इनॉक्युलंटला, म्हणजे ग्रॅफाइटला बीज पुरवायला रसात टाकतात त्या औषधाला, आम्ही पोरांना असंच सांगायचो. पण एक फरक आहे आणि तो सांगितला नाही तर घात होतो. विरजण रात्रभर ठेवलं की वाढतं. आमचं औषध ठेवलं की मरतं.

लॅबवाली_उद्यमबाग

काकांचं तंतोतंत खरं. इनॉक्युलंट म्हणजे ७५ टक्के सिलिकॉनवालं फेरोसिलिकॉन, पण त्यातलं सिलिकॉन हे निव्वळ वाहन. खरं काम करतात त्यातले थोडेसे कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, ॲल्युमिनियम. हे काढून अगदी शुद्ध फेरोसिलिकॉन टाकलं तर ते इनॉक्युलंट म्हणून फारसं चालत नाही. चिमटीतल्या पदार्थाच्या आतही चिमूट असते, असं समजा.

त्यांनी तयार केलेले बीजकण हळूहळू एकत्र येऊन मोठे होतात, वर तरंगतात, संख्येने घटतात. पहिल्या पाच-सात मिनिटांतच जोर ओसरू लागतो. एसजीत दुहेरी नुकसान, कारण मॅग्नेशियमही उडत असतं. ०.०३ च्या खाली घसरलं की गोळ्यांऐवजी आखूड, जाड, किड्यांसारखे ग्रॅफाइट दिसायला लागतात. म्हणून उपचारापासून आठ-दहा मिनिटांत शेवटचा साचा भरलाच पाहिजे. सुपरवायझर ओरडतो तो यासाठी.

जास्त टाकून सुटका होत नाही, हेही मुलांना सांगायचंय. मॅग्नेशियम ०.०६ च्या वर गेलं की कार्बाइड वाढतात, आकसून पोकळ्या पडतात, वर ड्रॉस (मळी) येतो. हायड्रॉलिक बॉडीत अशी पोकळी राहिली तर दाबाच्या चाचणीला तेल पाझरतं आणि सगळं मशीनिंग वाया.

संकेश्वर_शिवार

मी शेतकरी आहे, ऊस आणि सोयाबीन. विषय थोडा वेगळा असला तर माफ करा. रोटाव्हेटरच्या पात्यांवर ‘बोरॉन स्टील’ लिहून विकतात, भाव जास्त. गावातल्या लोहाराकडे वाकलेली पाती तापवून सरळ करून घेतली, तर ती पुन्हा आठवड्यात वाकली. वेल्डिंग करून जोडलेलं पातं दगडावर टिचून तुटलं, तेही वेल्डिंगच्या शेजारी. बोरॉन खोटं असतं का?

हीट_ट्रीटमेंट_होनगा

दादा, विषय अजिबात वेगळा नाही. बोरॉन बहुधा खरंच असतं, पण ते किती असतं बघा: ०.००१ ते ०.००३ टक्के. टनाला दहा ते तीस ग्रॅम. आणि ते पोलादाला स्वतः कडक करत नाही. पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात विझवलं की त्याची कडक रचना होते. विझवताना थंड व्हायला थोडा जरी वेळ लागला तरी कणांच्या (धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो त्यांच्या) सीमांवर मऊ फेराइट उगवायला लागतं. बोरॉन त्या सीमांवर जाऊन बसतं आणि ते उगवणं लांबवतं. त्यामुळे पातं आतपर्यंत कडक होतं. बोरॉनचं काम तेवढंच.

आता तुमची पाती. लोहाराने तापवून हवेत निवू दिली, म्हणजे कडक रचना गेली. बोरॉन आत आहे, पण विझवणी झालीच नाही तर त्याला करायला काही उरलं नाही. पातं मऊ झालं, वाकलं. वेल्डिंगला उलट झालं. वेल्डच्या शेजारची पट्टी लाल झाली आणि बाजूच्या थंड लोखंडाने तिची उष्णता झटकन ओढून घेतली. ती पट्टी आयतीच विझली, काचेसारखी ठिसूळ झाली. नंतर टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवणं) नाही. दगड लागला, तुटलं.

त्यामुळे बोरॉनचं पातं तापवून सरळ करायचं असेल तर नंतर विझवणी आणि टेम्परिंग हवंच, नाहीतर नवं पातं घ्या. आणि पात्याला वेल्डिंग करूच नका. फिरत्या पात्याचा तुकडा उडाला तर माणसाला लागतो.

आणखी एक. बोरॉनला नायट्रोजनची ओढ फार. पोलादात नायट्रोजन मोकळा असला तर बोरॉन त्याच्याशी जुळून निकामी होतं. म्हणून आधी थोडं टायटॅनियम घालतात, ते नायट्रोजनला बांधून ठेवतं. टायटॅनियमची राखण नसेल तर रिपोर्टवर बोरॉन दिसेल, पण पात्यात त्याचा उपयोग नसेल.

संकेश्वर_शिवार

एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. लोहाराला वाचून दाखवतो.

मच्छे_कट्टा

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात मटेरियल सायन्स शिकवतो. वरच्या ‘मोजक्या जागा’ या मुद्द्याला आकड्यांचा आधार देतो, कारण तो फार सुंदर जुळतो.

पोलादाचा कण ५० मायक्रॉनचा धरला, तर सीमेवर बसलेले अणू एकूण अणूंच्या किती? ढोबळ हिशेबाने लाखात तीनच्या आसपास. आता बोरॉन बघा. वजनाने दहा लाखांत १० भाग. पण बोरॉनचा अणू लोखंडाच्या अणूच्या पाचव्या हिश्शाइतकाच जड, म्हणून अणूंच्या संख्येत ते होतात दहा लाखांत ५०, म्हणजे लाखात पाच. सीमेवरच्या जागा लाखात तीन, बोरॉनचे अणू लाखात पाच! टनाला दहा ग्रॅम ‘नगण्य’ वाटतात ते आपण वजन बघतो म्हणून.

हाच हिशेब वाईट अर्थानेही लागू. तांब्यात बिस्मथ हजारांश टक्क्यात असला तरी तो सीमांवर पसरतो आणि तांबं तारेसारखं ओढता येण्याऐवजी कणाकणाने तुटतं.

पण ताईंच्या सूत्राला एक अपवाद मांडतो. सिलिकॉनची चिप. शुद्ध सिलिकॉनमध्ये पाच कोटी अणूंमागे एक फॉस्फरसचा अणू घातला, तर विजेचा विरोध सुमारे पन्नास हजारपट घटतो. इथे सीमा नाही, बीजकण नाही, सबंध तुकडा एकच स्फटिक असतो. फॉस्फरसचा अणू कुठेही बसला तरी एक मोकळा इलेक्ट्रॉन देतो. शुद्ध सिलिकॉनमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन मुळातच इतके कमी की हे थोडेसेच भारी पडतात. म्हणून ‘थोडं का पुरतं’ याचं उत्तर एकच नाही. प्रत्येक ठिकाणी विचारायचं: तिथे टंचाई कशाची होती?

लॅबवाली_उद्यमबाग

सर, हे मान्य. ‘टंचाई कशाची’ हा प्रश्न माझ्या वाक्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. बीजकणांची टंचाई, सीमेवरच्या जागांची टंचाई, मोकळ्या इलेक्ट्रॉनची टंचाई. माझ्या मसुद्यात तेच वाक्य घेते.

यमनापूर_शिफ्ट_सी

धातू नाही, पण आपल्या गावचा पदार्थ म्हणून लिहितो: अल्युमिना. यमनापूरच्या कारखान्यामुळे बेळगावात घरोघरी हे नाव माहीत आहे. अल्युमिनाची पूड दाबून भट्टीत भाजली तर पांढरी, अपारदर्शक वस्तू मिळते, चिनी मातीसारखी. कारण आत बारीक छिद्रं अडकतात. कण वाढताना छिद्रांना मागे टाकून पुढे जातात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यात पाव टक्का मॅग्नेशियम ऑक्साइड घातलं. कणांच्या सीमा संथ झाल्या, छिद्रांना सीमेबरोबर बाहेर निघायला वेळ मिळाला, आणि अल्युमिना उजेड आरपार जाऊ देऊ लागलं. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याची आतली नळी याच अल्युमिनाची. काच तिथे सोडियमच्या वाफेपुढे टिकत नाही.

आणि नको असलेली चिमूट म्हणजे सोडा. बॉक्साइटपासून अल्युमिना काढताना कॉस्टिक सोडा वापरतात, त्याचा अंश मागे राहतो. स्पार्क प्लगच्या इन्सुलेटरला असा अंश चालत नाही, कारण तापल्यावर सोडियमचे आयन हलतात आणि वीज गळते. म्हणून कमी सोड्याचं अल्युमिना वेगळं बनवतात आणि महाग विकलं जातं.

ग्रॅव्हिटी_डाय

ॲल्युमिनियमवाल्यांचंही ऐकून घ्या. एलएम६, एलएम२५ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत सिलिकॉन असतं. नुसतं ओतलं तर ते सुयांसारखं जमतं आणि कास्टिंग टिचतं. १९२० च्या सुमारास अलादार पाच यांनी सोडियमचा क्षार घालून बघितला, सुयांचे बारीक तंतू झाले. आम्ही आता स्ट्रॉन्शियम वापरतो, ०.०१ ते ०.०२ टक्के. सोडियम लवकर जळून जातं, स्ट्रॉन्शियम जास्त वेळ टिकतं. फॉस्फरस आला की सगळं बिघडतं.

गंमत अशी की १२ टक्क्यांपेक्षा बरंच जास्त सिलिकॉन असलेल्या पिस्टनच्या मिश्रधातूत तोच फॉस्फरस मुद्दाम घालतात, सिलिकॉनचे मोठे दगड बारीक व्हावेत म्हणून. म्हणजे तुमच्या गंधकासारखंच.

फिटर_चिकोडी

साखर कारखान्यात देखभालीला आहे. स्टेनलेसच्या पाईपला वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना बारीक रेषेत गंज धरतो, बाकी पाईप चकचकीत. हाही यातलाच प्रकार का?

हीट_ट्रीटमेंट_होनगा

हो, अगदी यातलाच. ३०४ जातीच्या स्टेनलेसमध्ये क्रोमियम १८ टक्के, ती काही चिमूट नाही. चिमूट आहे कार्बनची, ०.०८ टक्क्यांपर्यंत. वेल्डच्या शेजारी ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात धातू रेंगाळला की हा कार्बन कणांच्या सीमांवर क्रोमियमशी जुळून कार्बाइड बनवतो. सीमेलगतचं क्रोमियम संपतं, तिथला गंजरोधक थर जातो आणि सीमा कुरतडली जाते. उपाय म्हणजे ३०४एल घ्या, त्यात कार्बन ०.०३ च्या आत असतो. किंवा टायटॅनियम घातलेलं ३२१, तिथे कार्बनला टायटॅनियम आधीच पकडतं. जाड पाईपला हा त्रास जास्त, कारण वेल्डिंगला पास जास्त लागतात आणि उष्णता टिकते. खरेदीच्या ऑर्डरवर ‘एल’ हे एक अक्षर लिहायला विसरू नका.

हत्तरगी_सेकंड_शिफ्ट

आमच्याकडे विमानाचे भाग मशीन होतात. मटेरियल सर्टिफिकेटवर काही मूलद्रव्यांपुढे पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मर्यादा असते. निकेलच्या मिश्रधातूत गंधक, शिसं, बिस्मथ यांना इतकी कडक अट का, हे आज कळलं. तिथेच बोरॉन आणि झिर्कोनियम मात्र मुद्दाम असतात, ते का?

मच्छे_कट्टा

तीच सीमा. जेट इंजिनच्या तापमानाला धातू कणांच्या सीमांवरून हळूहळू सरकतो, तिथे पोकळ्या पडतात आणि शेवटी तुटतो. बोरॉन-झिर्कोनियम सीमा घट्ट धरतात, गंधक-बिस्मथ सैल करतात. टर्बाइनची पाती म्हणून पुढे एकाच स्फटिकाची ओतू लागले, म्हणजे सीमाच नको. तिथे मग बोरॉन-झिर्कोनियमची गरजही बरीच कमी झाली.

लॅडल_नंबर_दोन

ताई, एक व्यवहाराचं विचारतो. आमच्यासारख्या छोट्या शेडकडे स्पेक्ट्रो नाही. नमुना बाहेर पाठवला की रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. तोवर माल ओतून झालेला. नको असलेली चिमूट ओळखायची कशी?

लॅबवाली_उद्यमबाग

भट्टीत गेल्यावर ओळखण्यापेक्षा भंगाराच्या ढिगावर ओळखणं स्वस्त पडतं.

सगळ्यात आधी शिसं. करड्या बिडात ०.०१ टक्क्याच्याही आत असलं तरी जाड भागात ग्रॅफाइटची रचना बिघडून ताकद निम्म्यापर्यंत घसरू शकते. ते येतं जुन्या लाल शेंदरी रंगाच्या भंगारातून, सहज कापल्या जाणाऱ्या शिसेयुक्त स्टीलच्या चुऱ्यातून, गॅल्व्हनाइझ पत्र्यातून. एनॅमलची जुनी भांडी, टब, स्टोव्हचे पत्रे बाजूला काढा, त्यातून बोरॉन आणि अँटिमनी येतं. पोलादात हवं असलेलं बोरॉन तांबं घातलेल्या एसजीत कडकपणा कमी करतं. चुरा कुठल्या कारखान्याचा, कुठल्या स्टीलचा, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

सीई मीटरचे वापरलेले कप. कार्बन मोजायच्या कपाच्या तळाशी टेल्युरियमचा लेप असतो, नमुना पांढरा गोठावा म्हणून. ते तुकडे झाडून परत भट्टीत टाकायची सवय ठिकठिकाणी बघितली आहे. टेल्युरियम अगदी नाममात्र प्रमाणातही पांढरेपणा आणतं आणि एसजीचे गोळे बिघडवतं. वेगळा डबा ठेवा.

खडी आणि इनॉक्युलंट कोरड्या जागी, पिशवीचं तोंड बांधून ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा बघता हे फार महत्त्वाचं आहे. ओली खडी रसाखाली गेली तर रस उडतो, माणूस भाजतो.

आणि काकांची पाचर. तिला स्पेक्ट्रो लागत नाही.

जुना_मोल्डर

एसजीला आणखी एक. फेटलिंगला, म्हणजे साफसफाईला, कास्टिंग टांगून हलका हातोडा मारायचा. गोळे झालेलं बीड घंटेसारखं वाजतं, पाकळ्यांचं बसक्या आवाजात. शंभर टक्के खात्री नाही, पण गडबड झालेला नग हजारात कानाला सापडतो.

आणि मायक्रोचा नमुना घ्यायचा तो लॅडलच्या शेवटच्या साच्याचा. पहिल्या साच्याचा नमुना सगळेच चांगला दाखवतात.

लॅबवाली_उद्यमबाग

शेवटच्या साच्याचं लिहून घेतलं, काका. आम्ही लॅडलवर उपचाराची वेळ खडूने लिहितो. दहा मिनिटं उलटली की उरलेला रस साच्यात जात नाही, पिगच्या (परत वितळवायच्या लाद्यांच्या) साच्यात ओततो. नुकसान वाटतं, पण परत आलेल्या कास्टिंगपेक्षा कमीच.

खानापूर_रोड

ताई, मसुदा झाला की द्या. आमच्या शिफ्टला अर्धी मुलं कन्नड बोलणारी आहेत, बैलहोंगल आणि कित्तूरकडची. माझं शिक्षण कन्नडमधूनच झालंय, मी कन्नडमध्ये उतरवून देतो. दोन्ही भाषांतला कागद एकाच बोर्डावर लावू.

लॅबवाली_उद्यमबाग

नक्की. पहिली दोन पानं रविवारी इथेच टाकते: गंधकाचं कोष्टक, पाचर तोडायची पद्धत आणि भंगार वेगळं करायची यादी. हीट ट्रीटमेंटवाले दादा, पात्यांबद्दलचं तुम्ही लिहिलेलं त्यात घेतलं तर चालेल ना?

हीट_ट्रीटमेंट_होनगा

घ्या की. वेल्डिंगचा इशारा मात्र मोठ्या अक्षरात घ्या.